घरात चुली किती?

आमच्या भागात घर किती मोठं आहे ते माणसं मोजून विचारत नाहीत, चुली विचारतात. लग्नाचं बोलावणं करत निघालेला माणूस गल्लीच्या तोंडाशी थांबतो, ह्या घरात चुली किती म्हणून कुणाला तरी विचारून घेतो आणि तेवढ्या पत्रिका बाजूला काढतो. चूलबंद आमंत्रण असलं तर त्या दिवशी त्या घरात जाळ करायचा नाही, लहानथोर सगळ्यांनी मांडवात जेवायचं. भाऊ एकाच छपराखाली राहत असतील, एकाच नळाचं पाणी भरत असतील, पण चुली दोन आहेत म्हटलं की ऐकणारा नुसता ‘बरं’ म्हणतो. कळायचं ते त्याला कळलेलं असतं.

मी बेळगावातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात समाजविज्ञान शिकवते. सासर वडगावात, भिंतीपलीकडं विणकरांचा माग चालू असल्याशिवाय मला आता झोपसुद्धा लागत नाही. माहेर कंग्राळीच्या पलीकडच्या एका गावात आहे, स्कूटर काढली की पोचलं. रविवारी जाऊन येते. तिथं आप्पा, म्हणजे माझे वडील. थोरला भाऊ अण्णा शेती आणि म्हशी बघतो. त्याच्या पाठचा दादा, तो फौंड्रीत शिफ्टला जातो. दोघांच्या बायका, म्हणजे माझ्या थोरल्या आणि धाकट्या वहिनी, आणि त्यांची पोरं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. एवढ्या सगळ्यांची चूल एक.

ती एकच राहावी हा आप्पांचा हट्ट होता. आप्पा आणि त्यांचा भाऊ वेगळे झाले तेव्हा मी लहान होते. भांडण कशावरून झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही आणि आप्पा तो विषय काढू देत नाहीत. आठवतं ते एवढंच, की अंगणाच्या त्या कडेला काकूनं तीन दगड मांडून जाळ केला आणि तो बघून आप्पा भरल्या ताटावरून उठले. पुढं मधे भिंत आली, वाटण्या आल्या, कोर्टाचे हेलपाटे आले. पण आप्पांच्या लेखी घर मोडलं ते त्या तीन दगडांनी. म्हणून दोन्ही सुना घरात आल्यावर त्यांनी सगळ्यांना सोप्यात बसवून एकदाच सांगून टाकलं.

“मी हाय तंवर ह्या घरात दुसरी चूल न्हाय. माझ्या माघारी काय करायचं ते करा.”

वहिन्यांनी मान डोलावली. आणि खरं सांगायचं तर त्या दोघींचं चांगलं पटायचं. माझी टिंगल करायची असली की जास्तच. मास्तरीणबाईंना भाकरी थापता येत नाही, हा त्यांचा आवडता विषय, आणि तो खोटा नाही.

असंच एका रविवारी दुपारी दारात एक बाई आली. पन्नाशीकडं झुकलेली, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल, खांद्याला पिशवी. गोकाककडची होती, कन्नड बोलणारी, पण आमच्याशी जपून जपून मराठीत बोलायला लागली. बिनधुराच्या चुली द्यायची एक योजना आहे म्हणाली, फुकट आहे, जळण निम्मं लागतं, धूर होत नाही. घरातल्या बायकांची नावं काय, जळण काय वापरता, गॅस आहे का, भाकरी कशावर करता, असं विचारत विचारत तिनं शेवटी विचारलं, घरात चुली किती?

थोरली वहिनी पिठाच्या हातानं दारात आली आणि म्हणाली, “दोन.”

तिचं काहीच चुकलं नव्हतं. चुली द्यायला आलेल्या बाईनं चुली विचारल्या तर कुणीही चुलीच मोजणार. एक स्वयंपाकघरातली, एक मागच्या छपरातली, आंघोळीचं पाणी तापवायची. पण सोप्यात आडवे झालेले आप्पा ताडकन उठून बसले. मी लगेच त्या बाईला सांगितलं की घर एकच आहे, स्वयंपाक एकच होतो. ती हसून हो हो म्हणाली. आप्पाही मग जरा सैल झाले. “मागची ती पाण्याची चूल हाय बाई, सून न्हाय,” असं ते म्हणाले आणि त्यावर सगळे हसलो. चहा पिऊन बाई पुढच्या घरी गेली.

चुली आल्या त्या टेम्पोतून, सगळ्या गावासाठी एकदम. बाहेरून पत्र्याच्या, आत कसलीतरी भाजलेली माती, बुडाला हवेसाठी भोकं, आणि अंगावर नंबराची पट्टी. आमच्या दारात दोन उतरवल्या. एकीवर थोरल्या वहिनीचं नाव, दुसरीवर धाकटीचं. मी त्या दिवशी सुट्टी काढून गेले होते, चुलींसाठी नव्हे, आप्पांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मी त्या बाईला बाजूला घेऊन विचारलं, ही दोन नावं कशी? तिनं मोबाईल दाखवला. नियम एका कुटुंबाला एक चूल असा होता. आमच्या घरी चुली दोन आहेत असं तिनं दाबलं होतं, म्हणून मोबाईलनं आपोआप कुटुंबं दोन केली होती आणि दुसऱ्या कुटुंबाची बाई म्हणून धाकटीचं नाव उचललं होतं. तिला ते नंतर कळलं. म्हणाली, राहू दे की टीचर, एक जास्तीची मिळाली, तुमचं काय जातंय?

आम्हालाही तसंच वाटलं. माझ्या आईचा सगळा जन्म धुरात गेला होता. ती खोकायला लागली की आम्ही पोरं गप्प व्हायचो, खोकला थांबेस्तोवर श्वाससुद्धा धरायचो. शेवटी डॉक्टरनं तिला विडी ओढता का म्हणून विचारलं होतं, तेव्हा मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती. त्यामुळं बिनधुराची चूल म्हटल्यावर मला तरी खोट काढायला जागा नव्हती. पहिला जाळ केला तेव्हा धाकटी वहिनी सारखी वर आढ्याकडं बघत होती, धूर खरंच कुठं जातोय का ते. नव्हता जात. मला रडू आलं.

फक्त एक अट होती. जुनी चूल मोडायची आणि मोडलेल्या चुलीचा फोटो द्यायचा. नवी वापरताय म्हणून जुनी पेटवत नाही, ह्याचा तो पुरावा. आमच्या जुन्या चुलीला वैल होता, म्हणजे एका जाळावर इकडं तव्यात भाकरी आणि बाजूच्या तोंडावर आमटी. नवीला तोंड एकच. थोरली वहिनी म्हणाली, मग आमटी कशावर ठेवायची? बाई म्हणाली, दुसरी चूल आहे की. तर ती दुसरी जवळ आणून ठेवावी म्हटलं, ते चालत नव्हतं. दोन्ही चुलींच्या जागा मोबाईलमध्ये बसल्या होत्या, एक पुढं, एक मागच्या छपरात. एका जागी दोन दिसल्या तर एक खोटी धरतात. अण्णानं पहार आणून जुनी चूल फोडली. आप्पा बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले.

ह्या सगळ्यातून कुणाला काय मिळतं, हे आप्पांना समजत नव्हतं. फुकट देणाऱ्यावर त्यांचा पहिल्यापासून विश्वास नाही. मी शाळेत हाच धडा शिकवते म्हणून त्यांनी मला धरलं. मी सांगितलं की जगातले देश दरवर्षी कुठंतरी जमतात, पृथ्वी तापतेय म्हणून धूर कमी करायचं ठरवतात. पण कारखाने, विमानं एकदम बंद करता येत नाहीत. मग एखादी कंपनी म्हणते, माझा धूर मला कमी करता येत नाही, मी दुसऱ्या कुणाचा तरी कमी करून देते. ती ह्या चुलींचे पैसे भरते. आपल्याकडं जेवढा धूर वाचला तेवढा तिच्या नावावर जमा होतो.

आप्पांनी मला थांबवलं.

“म्हंजे जो धूर झालाच न्हाय, त्यो त्यांनी इकत घेतला?”

व्हय, म्हटलं.

“आणि त्याचं केलं काय?”

तेवढा धूर त्यांनी तिकडं सोडला, म्हटलं. आप्पा हसायला लागले ते त्यांना ठसका लागेपर्यंत हसले. लई हुशार लोकं, म्हणाले. पुढं आठवडाभर पारावर त्यांनी ही गोष्ट येईल त्याला सांगितली.

वर्गात मी हे असं सांगत नाही. वर्गात मी नीट सांगते, कारण पोरांना परीक्षा द्यायची असते, आणि कारण ह्यातलं सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पावसाचं काय झालंय ते आमच्या गावात कुणी पुस्तकातून शिकलेलं नाही. पावसाआधी कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी करून बसावं तर तो येत नाही आणि भात कापून शेतात पसरलं की हमखास येतो. गेल्या खेपेला अण्णानं पाण्यातून उचललेल्या पेंढ्यांना कोंब फुटले होते. तेव्हा कुणीतरी काहीतरी करायला हवं, हे मलाही पटतं. ते कुणीतरी म्हणजे माझ्या वहिन्या असतील, असं मात्र वाटलं नव्हतं.

काही महिने गेले आणि ती बाई पुन्हा आली, ह्या वेळी एकटी आणि जराशी घाबरलेली. गावातल्या सगळ्याच घरी कुणी तपासायला येत नाही, थोडी घरं चिठ्ठी काढल्यासारखी निवडतात आणि त्यांच्यावरून बाकीच्यांचा हिशेब धरतात. त्याला नमुना म्हणतात. आमचं घर नमुना निघालं होतं, तेही मोबाईलमधली दोन्ही घरं. दादा म्हणाला, आमचं घर नमुनाच आहे, त्याला चिठ्ठी कशाला पाहिजे. पण बाई हसली नाही. तिनं मागच्या छपरातली चूल बघितली. तिच्यावर हंडा होता. नमुन्यासाठी मोजायचं एक छोटं यंत्र तिनं त्या चुलीच्या बाजूला चिकटवलं, चूल कधी पेटली आणि किती वेळ तापली ते त्यात साठणार होतं. पाणी तापवलेलं धरत नाहीत, म्हणाली. स्वयंपाक पाहिजे. दुसऱ्या कुटुंबाचा स्वयंपाक.

मी म्हटलं, तर मग खरं सांगून टाकू. कुटुंब एक आहे, एक चूल परत न्या. तिनं हात जोडले. नमुन्यातलं एक घर खोटं निघालं तर सगळ्या गावाचा आकडा कापतात, म्हणाली. नंतर कुणाची चूल बिघडली तर दुरुस्त करायलासुद्धा कुणी येणार नाही, आणि तिचं काम तर जाणारच. ती गेल्यावर तासाभरात गल्लीतल्या दोन-चार बायका येऊन बसल्या. कुणी काही मागितलं नाही. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, एवढंच म्हणत राहिल्या. एकीनं स्वतःच्या घरातली फळ्यांची मांडणी आणून दिली, मागं डबे ठेवायला.

आप्पांना कुणी विचारायचं, ह्यावर दोन्ही भावांनी एकमेकांकडं बोटं दाखवली. शेवटी थोरल्या वहिनीनं सांगितलं. “एका दिसाचं नाटक हाय आप्पा. मी करतो की सगळं नीट. तुम्ही रानात जावा.”  तपासणीच्या दिवशी आप्पा उजाडताच रानात गेले आणि दिवस मावळल्यावर आले.

तपासणीला दिल्लीकडचा एक माणूस आला होता, हिंदी बोलणारा, सभ्य. पुढं थोरलीनं भाकरी केल्या, मागं धाकटीनं भात आणि पिठलं केलं. मागच्या भिंतीला मांडणी लावली होती, तिच्यावर तिखटमिठाचे डबे, खुंटीला लाटणं-पोळपाटाची पिशवी. त्यानं धाकटीला विचारलं, तुम्ही वेगळं कधीपासून खाता? तिनं खाली मान घालून सांगितलं, पहिल्यापासून. तिनं फोटोला उभं राहताना पदर नीट केला. फोटोत ती चांगली दिसली, दादाच्या मोबाईलवर आहे अजून.

तो माणूस गेल्यावर आम्हाला सुटल्यासारखं वाटलं, पण यंत्र तिथंच राहिलं. त्यातले आकडे महिन्या-महिन्याला वाचून न्यायचे होते, पुढची कित्येक वर्षं. म्हणजे मागं रोज काहीतरी शिजलेलं दिसायला हवं होतं.

तेव्हा मी कंबर कसली. चुलीच्या पट्टीवर एक फोन नंबर होता. लावला तर कन्नड पाहिजे का इंग्रजी पाहिजे असं विचारणारा आवाज आला. मराठी नव्हतं, आमच्याकडं त्याची सवय आहे. मी कन्नड घेतलं. मुलगी फार गोड बोलली. चूल बिघडली आहे का, म्हणाली. नाही. जळण जास्त लागतं का? नाही. धूर होतो? नाही. मग तक्रार काय आहे, मॅडम? मी म्हटलं, आम्ही एकत्र आहोत. एवढं बोलून मलाच कसंतरी झालं. तिनं मला थांबायला सांगितलं, मग म्हणाली की दोन्ही चुली मुदत संपेपर्यंत नोंदलेल्या आहेत. त्यांचा वाचलेला धूर पुढं दिला गेलाय. एक चूल मागं घ्यायला त्यांच्याकडं सोयच नाही. मी इंग्रजीतून त्या बाहेरदेशच्या कंपनीच्या पत्त्यावरही लिहिलं, अगदी शाळेतल्या अर्जासारखं, नम्रपणे. उत्तर आलं की तुमचं म्हणणं आमच्यापर्यंत पोचलं आहे. ते कुठं पोचलं, मला माहीत नाही. मी इथं हात टेकले. सातासमुद्रापलीकडं कुणीतरी विमानातून उतरला असेल आणि त्याच्या तिकिटात माझ्या धाकट्या वहिनीचं वेगळं घर होतं, आता ते त्याच्याकडून परत कसं मागायचं?

आणि मग ते सुरू झालं, ज्याला काय म्हणावं ते मला कळत नाही. कुणी कुणाला बोललं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं, मी मधे पडले असते, आप्पा ओरडले असते, दोन दिवस अबोला धरून तिसऱ्या दिवशी दोघी एका परातीत पीठ मळत बसल्या असत्या. पण भांडण नव्हतंच. धाकटी सकाळी मागं चहा करायला लागली, यंत्रासाठी. मग दादाची पहिली शिफ्ट असायची तेव्हा त्याचा डबा तिथंच करायला लागली, जाळ पेटलेलाच होता म्हणून. एका तोंडाच्या चुलीवर सगळ्यांचं होत नाही म्हणून भाजी मागं आणि भाकरी पुढं अशी वाटणी झाली. मग कधीतरी तिच्या पोरांना तिखट कमी लागतं म्हणून तिनं भाजी वेगळी केली. मागची मांडणी परत करायची राहूनच गेली. डबे भरत गेले. पुढं जाऊन मीठ मागण्यापेक्षा मागं मीठ असलेलं सोयीचं, ह्यात कुणाचं काय चुकलं?

मला पहिल्यांदा चटका बसला तो एका वाटीनं. रविवारी जेवायला बसलो होतो. धाकटीची मुलगी मागून आली, हातात झाकलेली वाटी. आईनं मसुराची आमटी दिलीय, म्हणाली. थोरल्या वहिनीनं वाटी घेतली, आमटी काढून घेतली, आणि वाटी रिकामी द्यायची नाही म्हणून तिच्यात थोडी शेंगदाण्याची चटणी घालून परत पाठवली. असं आपण शेजाऱ्यांशी करतो. दोघींना ते जाणवलंसुद्धा नव्हतं. आप्पांनी मात्र वाटी जाताना बघितली आणि ताटातला घास कालवत राहिले, खाल्ला नाही.

मी त्या दिवशी दोघी वहिन्यांना एकत्र बसवून स्पष्टच विचारलं की तुमचं काही बिनसलंय का. दोघीही आश्चर्यानं बघायला लागल्या. “काय बी न्हाय वन्सं,” धाकटी म्हणाली. मग म्हणाली, “पर आता मला माझ्या हातचं बरं वाटतंय.” तिचे डोळे भरून आले होते आणि थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. आयुष्यभर जावेच्या हाताखाली पीठ मळलेल्या बाईला एक चूल मिळाली होती आणि ती तिला आवडली होती. मी स्वतः वडगावात माझ्या गॅसवर मला हवं ते, हवं तेव्हा शिजवते. माझ्या तोंडून उपदेश शोभला नसता.

मार्गशीर्षात गल्लीतल्या एका मुलाचं लग्न ठरलं. बोलावणं करायला आलेला मुलाचा मामा बाहेरगावचा होता. त्यानं रीतीप्रमाणे कोपऱ्यावरच्या दुकानात विचारून घेतलं असणार. त्यानं सोप्यात बसून पाणी घेतलं, अक्षता दिल्या आणि दोन पत्रिका काढल्या. एक अण्णाच्या हातात दिली. दुसरी घेऊन तो मागं गेला. आप्पा मधे बसले होते, त्यांच्या अंगावरूनच तो गेला. दुकानदारानं काही वावगं सांगितलं नव्हतं. आम्ही गावासाठी बोललेलं खोटं आता गावालाच खरं वाटायला लागलं होतं. आप्पा लग्नाला गेले नाहीत. पोटात बरं नाही म्हणाले. चूलबंद आमंत्रणामुळं घरात दोन्ही चुली बंद होत्या, तेव्हा ते दिवसभर बाहेरच्या चहावरच राहिले.

त्यानंतर त्यांनी एक नवीनच सुरू केलं. दुपारी पुढं जेवायचे आणि रात्री ताट घेऊन स्वतःच मागं जायचे. कुणी सांगितलं नव्हतं. दोघींपैकी कुणाला वाईट वाटू नये, एवढाच हेतू असावा. अण्णा म्हणाला, आप्पांचं वय झालंय, त्यांना एका जागी करमत नाही. मी त्याच्याकडं बघितलं तर तो दुसरीकडं बघत होता. त्यालाही सगळं दिसत होतं. दादाला दिसत होतं. पण दिसून करायचं काय? मागची चूल विझवली तर सगळ्या गल्लीचं नुकसान, आणि आता तर धाकटीचंही. तक्रार कुणावर करायची? धूर खरोखरच कमी झाला होता. आढं आता काळं होत नाही. पोरं खोकत नाहीत. मी कुठल्याही तोंडानं ही योजना वाईट आहे असं म्हणू शकत नाही, आणि हेच मला सहन होत नाही.

गेल्या महिन्यात ती बाई परत आली. मोबाईलमध्ये काहीतरी नवीन आलं होतं. आता नुसती चूल पुरत नव्हती, तिच्यावर जेवणारी माणसं लागत होती, नावानिशी. एक माणूस एकाच चुलीवर, दोन ठिकाणी नाव आलं तर मोबाईल घेत नाही. आम्ही सगळे सोप्यात होतो. थोरलीनं तिची माणसं सांगितली. धाकटीनं तिची सांगितली. बाई एकेक नाव दाबत गेली. मग तिनं यादी बघितली, आम्हाला बघितलं आणि खांबाला टेकून बसलेल्या आप्पांकडं हात केला.

“अज्जांना कुठल्या चुलीत घालू?”

कन्नडमध्ये यादीत नाव घालतात, तेच तिनं मराठीत आणलं होतं. दादा फिसकन हसला. वहिन्यांनी तोंडाला पदर लावला. मीही हसले, आप्पाही हसले. बाईला काय झालं ते कळलं नाही, पण सगळे हसतात म्हणून तीही हसली. मग हसू संपलं. तिचं बोट मात्र मोबाईलवर तसंच होतं, तिला खरंच उत्तर हवं होतं.

अण्णानं दादाकडं बघितलं. दादानं बायकोकडं. थोरली आणि धाकटी एकमेकींकडं बघत राहिल्या. दोघींपैकी एकीलाही आप्पा जड नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. आमच्याकडं म्हणावं तर दुसरीकडून ओढून घेतल्यासारखं, तिच्याकडं म्हणावं तर ढकलून दिल्यासारखं, म्हणून कुणाच्याच तोंडून शब्द निघेना. माझ्याकडं घाला, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण माझी चूल त्या यादीत नव्हती.

आप्पाच मग बोलले.

“घाल कुठल्याबी,” म्हणाले. “वाळल्यालं लाकूड हाय. धूर हुनार न्हाय.”

बाईला त्यातलं पहिलं तेवढंच कळलं असावं. तिनं मान हलवली आणि मोबाईलवर बोट टेकवलं. कुठल्या चुलीवर टेकवलं, ते आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही.